हाही नको आणि तोही नको : अमेरिकेतील १८८४ ची निवडणूक

आपल्या पसंतीचा उमेदवार निवडणुकीत पडला म्हणजे मतदाराला वाईट वाटते. परंतु मत द्यावे असा उमेदवारच रिंगणात दिसू नये, म्हणजे त्याची जी कुचंबणा होते ती निराळीच असते. पराभवाचे दुःख चार दिवसांत ओसरते. कुचंबणेत मात्र मनुष्याला स्वतःशीच वाद घालावा लागतो, आणि त्या वादातला पंचही तोच असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८८४ साली अध्यक्षपदाची जी निवडणूक झाली, तीत हजारो सुशिक्षित मतदारांवर असा प्रसंग ओढवला. एका उमेदवाराने अधिकाराचा उपयोग स्वतःच्या लाभासाठी केला, असे दर्शविणारी त्याची स्वतःचीच पत्रे लोकांसमोर होती. दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यातील एक लाजिरवाणी गोष्ट ऐन प्रचारात चव्हाट्यावर आली होती. अशा वेळी त्या मतदारांनी काय केले, आणि ते करताना त्यांना काय सोसावे लागले, ही हकीकत आज सुमारे एकशेचाळीस वर्षांनंतरही ताजी वाटण्यासारखी आहे.

या कुचंबणेची तीव्रता कळावयास थोडी पूर्वपीठिका ध्यानात घ्यावी लागेल. १८६० साली अब्राहम लिंकन निवडून आला, तेव्हापासून १८८० पर्यंतच्या सहाही निवडणुका रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या होत्या. यादवी युद्ध जिंकणारा आणि गुलामगिरी नष्ट करणारा पक्ष म्हणून उत्तरेकडील घराण्यांत त्याला जवळजवळ कुलधर्माचे स्थान प्राप्त झाले होते. बाप रिपब्लिकन म्हणून मुलगा रिपब्लिकन. आणि ज्या घरातील कोणी ना कोणी रणांगणावर पडला होता, त्या घरात डेमोक्रॅटिक पक्षाचे नाव बंडखोरांचा पक्ष म्हणूनच निघे. परंतु पाव शतक सत्ता एका हाती राहिली म्हणजे जे व्हावयाचे ते तेथेही झाले. खेड्यातील पोस्टमास्तरापासून बंदरावरील जकातघराच्या कारकुनापर्यंत हजारो सरकारी जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांना बक्षीस म्हणून वाटल्या जात, आणि त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी उकळली जाई. जुलै १८८१ मध्ये, सरकारी जागा न मिळालेल्या एका माथेफिरूने अध्यक्ष गारफील्ड याच्यावर गोळी झाडली. सप्टेंबरात गारफील्ड मरण पावला, तेव्हा कोठे देशाचे डोळे उघडले. १८८३ च्या जानेवारीत पेंडलटन कायदा झाला आणि काही सरकारी जागा परीक्षा घेऊन भरावयास प्रारंभ झाला. या सुधारणेसाठी वर्षानुवर्षे झगडलेली मंडळी बहुतेक रिपब्लिकनच होती. आपला पक्ष आता शुद्ध होणार, अशा आशेवर ती असताना पक्षाने जेम्स ब्लेन याला पुढे केले.

ब्लेन हा सामान्य मनुष्य नव्हता. मेन संस्थानातील एका वृत्तपत्राच्या संपादकत्वापासून त्याने सार्वजनिक जीवनास आरंभ केला, आणि १८६९ ते १८७५ अशी सहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सभापतिपद भूषविले. पुढे तो सेनेटर झाला, गारफील्डचा परराष्ट्रमंत्री झाला. वाणी रसाळ, वागणे लाघवी. त्याचे चाहते त्याच्यावर जीव टाकीत. १८७६ च्या पक्षाधिवेशनात त्याचे नाव सुचविताना इंगरसॉल या गाजलेल्या वक्त्याने त्याला शिरस्त्राणावर तुरा डुलत असलेल्या सरदाराची उपमा दिली, आणि ती त्याला जन्माची चिकटली.

परंतु या सरदाराच्या चिलखताला एक मोठे भगदाड होते. सभापती असताना १८६९ साली त्याच्या एका निर्णयामुळे लिटल रॉक व फोर्ट स्मिथ रेल्वेला मिळालेली सरकारी जमिनीची देणगी वाचली. थोड्याच दिवसांत त्याने त्या रेल्वेशी संबंध असलेल्या वॉरन फिशर या बोस्टनच्या व्यापाऱ्याला या उपकाराची आठवण करून दिली, आणि त्या रेल्वेचे रोखे आपल्या मित्रांत खपवून त्यावर भरपूर दलाली मिळविली. १८७६ साली चौकशी सुरू झाली, तेव्हा फिशरचा जुना हिशेबनीस मलिगन हा ब्लेनची पत्रे घेऊन वॉशिंग्टनला आला. ब्लेनने हॉटेलात त्याची गाठ घेतली, पत्रे पाहावयास म्हणून मागितली आणि परत केलीच नाहीत! पुढे भर सभागृहात त्याने ती स्वतःच वाचून दाखविली. कोणते पत्र आधी, कोणते मागून आणि कोणता मजकूर वाचावयाचा, हे ठरविणारा अर्थात तोच होता. त्या दिवशी टाळ्यांचा कडकडाट झाला. पण टाळ्या ओसरल्यावर लोकांनी पत्रे पुन्हा वाचली. १८७६ आणि १८८० अशी दोन वेळा अध्यक्षपदाची उमेदवारी त्याच्या हातून निसटली, तीत या पत्रांचा वाटा मोठा होता.

जून १८८४ मध्ये शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. सुधारकांनी व्हरमाँटचा सेनेटर एडमंड्स याला पुढे केले होते. त्यांच्यात 'हार्पर्स वीकली' या प्रतिष्ठित साप्ताहिकाचा संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस होता, आणि ज्यांची नावे पुढे जगाला ठाऊक व्हावयाची होती असे दोन तरुणही होते : थिओडोर रूझवेल्ट आणि हेन्री कॅबट लॉज. अधिवेशन ज्याला निवडील त्याला पाठिंबा देण्यास प्रत्येक प्रतिनिधी बांधलेला राहील, असा ठराव कोणी आणताच कर्टिस उभा राहिला. आपण येथे रिपब्लिकन म्हणून आणि स्वतंत्र मनुष्य म्हणून आलो आहो, आणि तसेच बाहेर पडू, असे त्याने बजावले. ठराव मागे घेण्यात आला. पण चौथ्या फेरीत ब्लेनची निवड झाली ती झालीच.

आता पुढे काय? या प्रश्नाला एक उत्तर त्यांनी बारा वर्षांपूर्वी देऊन पाहिले होते. १८७२ साली अध्यक्ष ग्रँटच्या कारभाराला कंटाळून याच वळणाच्या मंडळींनी पक्षाबाहेर पडून स्वतंत्र अधिवेशन भरविले होते. कार्ल शुर्झ त्याचा अध्यक्ष होता. जर्मनीतील १८४८ ची क्रांती फसल्यावर देशोधडीला लागलेला हा पुरुष अमेरिकेत सेनापती, सेनेटर आणि पुढे मंत्री झाला. पण त्या अधिवेशनाने उमेदवार निवडला तो होरेस ग्रीली हा संपादक! जकात कमी करू पाहणाऱ्यांच्या माथी देशातील सर्वांत कट्टर जकातवादी बसला. ग्रीलीचा दारुण पराभव झाला, आणि निर्वाचकांची मते मोजली जाण्यापूर्वीच, त्याच नोव्हेंबरात, तो मरण पावला. तेव्हा तिसरा उमेदवार उभा करण्याच्या नादी १८८४ साली कोणी लागले नाही. शुर्झ, कर्टिस आणि 'नेशन' पत्राचा संपादक गॉडकिन यांनी निराळा मार्ग धरला. डेमोक्रॅटिक पक्षाने प्रामाणिक मनुष्य उभा केल्यास आपण त्याला मते देऊ, असे त्यांनी आधीच जाहीर केले. दुकानात शिरण्यापूर्वीच मोल सांगून टाकणाऱ्या गिऱ्हाइकासारखा हा प्रकार होता. पण माल त्यांना मिळाला.

तो मनुष्य म्हणजे ग्रोव्हर क्लीव्हलंड. एका गरीब धर्मोपदेशकाचा हा मुलगा बफलो शहरी वकिली करीत असे. १८८२ च्या आरंभी तो तेथील मेयर झाला आणि लगेच १८८३ च्या आरंभी न्यूयॉर्क संस्थानाचा गव्हर्नर! या झपाट्याचे कारण एकच. त्याला 'नाही' म्हणता येत असे. नगरपालिकेच्या ठेक्यांतील लबाडी त्याने उघड नाकारली. न्यूयॉर्क शहरातील उन्नत रेल्वेचे भाडे पाच सेंटांवर आणणारा, लोकांना अत्यंत प्रिय असलेला कायदाही त्याने कराराचा भंग होतो म्हणून फेटाळला. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्कची डेमोक्रॅटिक टोळी त्याच्यावर दात धरून होती. अधिवेशनात एका वक्त्याने तोच मुद्दा करून सांगितले, की याने जे शत्रू जोडले आहेत त्यांच्यामुळेच लोक याच्यावर प्रेम करतात. जुलै महिन्यात दुसऱ्या फेरीत तो उमेदवार ठरला आणि सुधारकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो पुरता टाकून होतो न होतो तोच, २१ जुलै रोजी बफलोच्या एका वृत्तपत्राने बाँब टाकला. दहा वर्षांपूर्वी एका विधवेला अविवाहित क्लीव्हलंडपासून मूल झाले होते, ते मूल अनाथाश्रमात गेले, त्या स्त्रीला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, असा तो वृत्तान्त होता. मित्रांनी घाबरून काय करावे असे विचारले, तेव्हा जे असेल ते खरे सांगा, अशी त्याने तार केली. संबंध नाकारला नाही, मुलाच्या खर्चाची जबाबदारी घेतल्याचेही सांगण्यात आले. याच सुमारास ब्लेनच्या विवाहाविषयीचे काही बदनामीचे कागद त्याच्याकडे विकावयास आले, ते त्याने फाडून जाळून टाकले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

सुधारकांची स्थिती मोठी बिकट झाली. ज्यांनी नीतीच्या नावाने पक्ष सोडला होता, त्यांच्या पुढ्यात आता हे ताट आले. कित्येक धर्मोपदेशक मागे सरले. शेवटी त्यांच्यातील एकाने जो तोडगा सुचविला तो अमेरिकेच्या राजकारणात अजून सांगितला जातो : ब्लेनचे खाजगी जीवन निष्कलंक आणि सार्वजनिक जीवन डागाळलेले, क्लीव्हलंडचे नेमके उलट; तेव्हा क्लीव्हलंडला त्याला शोभणाऱ्या सार्वजनिक पदावर पाठवावे आणि ब्लेनला त्याला शोभणाऱ्या खाजगी जीवनात. हा विनोद खरा, पण त्यातील विचार विनोदी नाही. मतदाराला साधुपुरुष निवडावयाचा नसून तिजोरीचा आणि कायद्याचा रखवालदार निवडावयाचा आहे, हे त्यांनी स्वतःला समजाविले. मात्र या हिशेबात एक माणूस कोणी धरलेच नाही. निवडणुकीच्या ऐन तोंडावर त्या स्त्रीचे शपथपत्र छापून आले. तीत क्लीव्हलंडने बळजबरी केल्याचा आरोप होता. दोन्ही बाजूंच्या गदारोळात ते विरून गेले. अलीकडच्या इतिहासकारांनी तिची बाजू पुन्हा पुढे आणली आहे, आणि 'खरे सांगा' या तारेची कीर्ती आता पूर्वीइतकी निर्मळ राहिलेली नाही. त्या वर्षी बेल्वा लॉकवुड ही वकीलबाई समान हक्कांच्या पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभी होती. तिला उमेदवार होता आले, पण स्वतःला मत देता येत नव्हते, कारण त्या निवडणुकीत स्त्रियांना मतच नव्हते.

येथे त्या काळच्या मतदानाची रीत सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. अमक्याला पक्षाचे तिकीट मिळाले असे आपण म्हणतो, तेव्हा तो केवळ बोलण्याचा प्रकार असतो. अमेरिकेत त्या वेळी तिकीट ही खरोखर हातात धरावयाची वस्तू होती. सरकार मतपत्रिका छापीतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापी, मतदानाच्या जागी पक्षाचा माणूस ती मतदाराच्या हाती देई, आणि मतदार चारचौघांच्या देखत ती पेटीत टाकी. चिठ्ठीचा रंग आणि आकारच कोणाचे मत कोणाला हे शेजाऱ्याला, धन्याला आणि सावकाराला सांगून टाकी. नको असलेले नाव पेन्सिलीने खोडण्याची मुभा होती. त्यावर दुसऱ्या नावाचा चिटोराही चिकटविता येई. १८७९ साली न्यूयॉर्कमधील तरुण सुधारकांनी स्वपक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचे नाव असे खोडण्याची मोहीमच काढली होती, आणि त्यांना 'खोडणारे' असे नावच पडले. पण अध्यक्षपदाच्या चिठ्ठीवर निर्वाचकांची नावे असत. न्यूयॉर्कच्या चिठ्ठीवर ती ३६ होती. ती एकेक करून कोण खोडीत बसणार? म्हणजे ब्लेन नको असलेल्या रिपब्लिकनाला घरी बसणे, दारूबंदीवाल्यांसारख्या एखाद्या लहान पक्षाला मत देणे, किंवा बापजाद्यांनी ज्यांच्याशी युद्ध केले त्या पक्षाची चिठ्ठी सर्वांसमक्ष मागून घेणे, एवढेच मार्ग उरत. नेव्हाडा संस्थानाने १९७५ साली आणि भारताने २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, 'यांपैकी कोणीही नाही' असे नोंदविण्याची सोय मतदाराला करून दिली; १८८४ च्या मतदाराला तसे काही नव्हते. त्याचा नकारही कोणाच्या तरी होकाराच्या रूपानेच पेटीत पडत होता.

ज्यांनी ती चिठ्ठी घेतली त्यांना पक्षाची वृत्तपत्रे 'मगवंप' म्हणू लागली. हा मूळचा तद्देशीय अमेरिकनांच्या भाषेतील शब्द. अर्थ मोठा सरदार. स्वतःला फार शहाणे समजणारे, असा त्यातला टोमणा होता. नामर्द, पुस्तकी, विलायती चालीचे, अशा शिव्यांचा वर्षाव झाला. मार्क ट्वेन या मगवंपांत होता. बोस्टनमध्ये जुने स्नेह तुटले, ते दोन्ही बाजूंनी. लॉज आणि रूझवेल्ट यांना ब्लेन मुळीच पसंत नव्हता, तरी ते पक्षातच राहिले, आणि बोस्टनच्या उच्चभ्रू घरांची दारे लॉजला बंद झाली. रूझवेल्टवर त्याच वर्षी १४ फेब्रुवारीस आई आणि पत्नी एकाच दिवशी गमावण्याचा प्रसंग आला होता. अधिवेशनानंतर तो डाकोटातील आपल्या कुरणावर निघून गेला, पण जुलैत त्याने पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. पक्ष सोडणाऱ्याच्या हाती पक्ष सुधारण्याचे साधन उरत नाही, असा त्याचा विचार होता. हा विचार भित्रेपणाचा म्हणून झटकून टाकता येण्यासारखा नाही; पुढील इतिहासाने तर त्याला बरीच साथ दिली.

सप्टेंबरात मलिगनकडील आणखी पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात, आपण निर्दोष आहो असे प्रशस्तिपत्र ब्लेनने स्वतःच लिहून फिशरकडे सहीसाठी पाठविले होते, आणि सोबतच्या चिठ्ठीत 'हे पत्र जाळून टाका' अशी सूचना होती. झाले! डेमोक्रॅटिक मिरवणुकींतून हजारो कंठांनी तेच वाक्य घुमू लागले; लोक कागद पेटवून नाचवीत. रिपब्लिकन मिरवणुकी क्लीव्हलंडला मुलाच्या नावाने चिडवीत. आयात-जकातीविषयी दोन्ही पक्षांनी काय लिहिले होते, ते वाचणारे थोडेच होते.

सर्व भिस्त न्यूयॉर्कवर येऊन ठेपली. २९ ऑक्टोबर रोजी ब्लेन तेथे आला. सकाळी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या मेळाव्यात बर्चर्ड नावाच्या वृद्ध पाद्र्याने डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे मद्य, रोम आणि बंड यांचा पक्ष असे उद्गार काढले. दमलेल्या ब्लेनने ते ऐकले नसावेत, किंवा ऐकून सोडून दिले असावेत. त्याने तेथल्या तेथे निषेध केला नाही. आयरिश कॅथलिक मते तो मोठ्या आशेने जमवीत होता, आणि ते वाक्य छापील पत्रकांतून कॅथलिक वस्त्यांत पोचले. त्याच रात्री डेल्मोनिको या आलिशान भोजनगृहात त्याला धनिकांनी मेजवानी दिली. जे गूल्ड हा रेल्वेचा कुबेर तीत होता. दुसऱ्या दिवशी पुलित्झरच्या 'वर्ल्ड' पत्राने पहिल्या पानावर, पक्वान्ने झोडणारे कोट्यधीश आणि समोर भाकरीसाठी हात पसरणारे गरीब कुटुंब, असे चित्र छापले.

४ नोव्हेंबरला मतदान झाले. देशात सुमारे १ कोटी मते पडली, आणि दोघांतले अंतर शेकडा एकापेक्षाही कमी निघाले. न्यूयॉर्कमध्ये साडेअकरा लाखांहून अधिक मतांत क्लीव्हलंडला हजार-अकराशेंचे आधिक्य मिळाले, आणि तेथील ३६ निर्वाचकांच्या बळावर तो २१९ विरुद्ध १८२ असा विजयी झाला. ते अकराशे मतदार ब्लेनकडे असते तर अध्यक्ष तोच. या अकराशे मतांचे श्रेय घ्यावयास मग अनेक जण पुढे आले. कोणी बर्चर्डला दोष दिला, कोणी मेजवानीला. दारूबंदी पक्षाच्या उमेदवाराने एकट्या न्यूयॉर्कमध्ये सुमारे २५,००० मते घेतली होती, आणि ती बहुतेक रिपब्लिकनांचीच होती. हेही नाराज मतदारच, फक्त त्यांची नाराजी दुसऱ्या कारणाची. मगवंपांनी विजय आपला म्हटला. त्यांचा बालेकिल्ला असलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र ब्लेन आरामात जिंकला, ही गोष्ट ते फारशी सांगत नसत.

क्लीव्हलंडकडून त्यांची आशा अर्धीच पुरी झाली. त्याने अनेक लबाड पेन्शन-विधेयके फेटाळली, तिजोरी राखली. पण चोवीस वर्षे उपाशी असलेल्या त्याच्या पक्षाला जागा हव्या होत्या, आणि हजारो पोस्टमास्तर बदलले गेले. १८८८ साली देशात अधिक मते मिळवूनही तो निर्वाचकांच्या गणतीत हरला. न्यूयॉर्क या वेळी उलटले. ब्लेन नव्या अध्यक्षाचा परराष्ट्रमंत्री झाला. पक्षात राहिलेला लॉज सेनेटर झाला, रूझवेल्ट १९०१ मध्ये अध्यक्ष झाला. पक्ष सोडलेल्यांपैकी त्या पदाच्या आसपास कोणी पोचला नाही.

त्यांच्या वळणाच्या मंडळींनी एक काम मात्र तडीस नेले. १८८८ साली मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर गुप्त मतदानाचा कायदा केला; त्याचा मसुदा रिचर्ड हेन्री डेना या सुधारकाने तयार केला होता. सर्व उमेदवारांची नावे एकाच कागदावर, कागद सरकारी छापाचा, आणि मतदार एकटा आडोशाला. चार वर्षांत बहुतेक संस्थानांनी तीच रीत उचलली. १८९२ च्या निवडणुकीत क्लीव्हलंड पुन्हा उभा राहिला तेव्हा बहुतेक संस्थानांत मतदाराला त्याची चिठ्ठी रस्त्यावर मागावी लागली नाही. तो निवडून आला. ४ मार्च १८९३ रोजी त्याने दुसऱ्यांदा शपथ घेतली, तेव्हा ब्लेनला वारून पाच आठवडे झाले होते.